चादर विकायचीय, म्हणूनच यूआरएल नीट हवा: एका प्रतिक्रियेला उत्तर

मालक, तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे, त्यामुळे खाली दोन ओळी खरडून उरकत नाही. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रीराइट रूल (मागितलेला पत्ता सर्व्हरवर दुसऱ्या पत्त्यात बदलणारा नियम) लावून साईटचे पत्ते, म्हणजे यूआरएल, सुटसुटीत कसे करायचे, हे मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: गूगलला प्रश्नचिन्हवाला पत्ता चालतो, सोलापुरात पत्ता हाताने टाइप करतंय कोण, सगळे व्हॉट्सअ‍ॅपवरची लिंक दाबतात, वर्डप्रेसमध्ये हेच काम एका क्लिकवर होतं, आणि लेख वाचून फाईलच्या नावामागचं ‘.पीएचपी’ हे शेपूट लपवायला गेलात तर साईट ५०० एरर (सर्व्हरच्या आतलाच बिघाड) देऊन बसली. शेवटी तुम्ही विचारलंत, “चादर विकायची का यूआरएल विकायचा बे?”

गूगलचा मुद्दा मला मान्य आहे. प्रश्नचिन्हवाले पत्ते आपल्याला वाचता येतात, अर्धवट रीराइट करण्यापेक्षा ते आहेत तसे ठेवलेले बरे, असं गूगलनेच २००८ मध्ये सांगितलं होतं. त्यामुळे ‘क्लीन यूआरएल करून देतो, पहिल्या पानावर याल’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. माझ्या लेखात रँकिंगचा शब्दही नव्हता.

व्हॉट्सअ‍ॅपचा मुद्दा मात्र तुमच्यावरच उलटतो. लोक लिंक दाबतात, खरंय. पण ती लिंक एकदा पाठवली की तुमच्या ताब्यात राहते का? दोन वर्षांपूर्वी कुणा मावशीने भिशीच्या ग्रुपवर टाकलेली लिंक गड्डा यात्रेच्या दिवसांत कुणीतरी वर सरकवत जाऊन शोधून काढतं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्यांची साईट मी सांभाळतो. त्यांनी खोक्यांवर आणि लेबलांवर क्यूआर कोड छापून घेतले होते. त्या कोडमध्ये जुन्या साईटचा पत्ता होता: आधी प्रॉडक्ट डॉट पीएचपी, मग प्रश्नचिन्ह, आयडी बरोबर अमुक. पुढे नवी साईट दुसऱ्याने बनवली, दिसायला झकास, आणि छापलेला एकूण एक कोड ४०४ वर, म्हणजे ‘पान सापडत नाही’. माल गोदामातून बाहेर पडलेला, खोकी बाहेरगावी पोहोचलेली. तिथे जाऊन लेबलं कोण बदलणार?

ते काम रीराइट रूलने निभावलं, पण सरळ निभावलं नाही. रीराइटरूलचा पॅटर्न प्रश्नचिन्हाच्या आधीचाच भाग बघतो. पुढचा आयडी पकडायचा तर वर रीराइटकंड (नियमाची अट) लिहून त्यात क्वेरी स्ट्रिंग (प्रश्नचिन्हानंतरचा भाग) तपासावी लागते. नव्या पत्त्यावर पाठवतानाही जुनी क्वेरी स्ट्रिंग मागोमाग येतेच. ती झटकायला अपाची या सर्व्हर सॉफ्टवेअरच्या २.४ आवृत्तीत क्यूएसडी हा फ्लॅग (नियमाच्या शेवटी लिहायची खूण) आहे, त्याआधीच्या आवृत्तीत नव्या पत्त्याच्या शेवटी नुसतं प्रश्नचिन्ह ठेवायचं. शेकडो आयडींची यादी असेल तर रीराइटमॅप (जुन्या-नव्या पत्त्यांच्या जोड्यांची यादी) उत्तम, फक्त तो सर्व्हरच्या मुख्य कॉन्फिगमध्येच जाहीर करता येतो, साईटच्या फोल्डरमधल्या सेटिंगच्या फाईलमध्ये, म्हणजे डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये नाही. शेअर्ड होस्टिंगवर ती सोय नसते, म्हणून आम्ही यादी पीएचपीत ठेवली आणि ३०१ तिथूनच दिला.

३०१ म्हणजे नवी पेठेतलं दुकान होटगी रोडला गेल्यावर जुन्या शटरवर लावलेली कायमची पाटी, आणि ३०२ म्हणजे ‘जेवायला गेलोय, तासाभरात येतो’ची. रीराइटरूलला नुसता आर फ्लॅग दिला तर अपाची ३०२ देतो, हे लक्षात ठेवा. चाचणी करताना तोच बरा, कारण ३०१ ब्राउझर मनाशी धरून ठेवतो. नियम सुधारला तरी तुमचा क्रोम जुन्याच रस्त्याने जात राहतो आणि आपण उगाच सर्व्हरला शिव्या घालतो.

आता तुमच्या ५०० चं बघू. प्रतिक्रियेत तुम्ही चिकटवलेला नियम एका ओळीचा आहे: जे काही येईल त्याच्या शेवटी ‘.पीएचपी’ जोड, आणि एल फ्लॅग. त्याच्या वरची अट गळली आहे. एल म्हणजे ‘इथे थांब’ असं आपण समजतो, पण डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये तो फक्त त्या फेरीपुरता थांबवतो. पत्ता बदलला की अपाची नवा पत्ता घेऊन तीच फाईल पुन्हा पहिल्यापासून वाचतो. मग ‘कॅटलॉग’चं ‘कॅटलॉग.पीएचपी’ होतं, त्याचं ‘कॅटलॉग.पीएचपी.पीएचपी’, आणि शेपूट वाढतच जातं. अंतर्गत रीडायरेक्टची मर्यादा मुळात १० असते. ती ओलांडली की अपाची हात टेकतो आणि ५०० देतो. तुमच्या एरर लॉगमध्ये ही १० ची मर्यादा ओलांडल्याची ओळ सापडेल. उपाय म्हणून नियमाच्या वर रीराइटकंड टाका: मागितलेल्या नावापुढे ‘.पीएचपी’ जोडल्यावर त्या नावाची फाईल खरोखर डिस्कवर असेल, तरच पुढे जा. ‘कॅटलॉग.पीएचपी.पीएचपी’ नावाची फाईल नसते, त्यामुळे दुसऱ्या फेरीत गाडी आपोआप थांबते. अपाची २.४ असेल तर एलऐवजी एंड फ्लॅगही आहे, तो खरोखर थांबवतो. पण अट टाकाच. नाहीतर तुमची चित्रं आणि सीएसएस यांनाही शेपूट फुटेल.

त्यापुढची पायरी म्हणून तुम्ही जुना शेपूटवाला पत्ता ३०१ ने नव्यावर पाठवायला जाल. तिथे दुसरा खड्डा आहे. नवा पत्ता आतून शेपूटवाल्यावर जातो, शेपूटवाला बाहेरून नव्यावर, आणि ब्राउझर ‘खूप जास्त रीडायरेक्ट’ म्हणून बोंबलतो. अशा वेळी अटीत द-रिक्वेस्ट हे व्हेरिएबल तपासायचं. त्यात ब्राउझरने मुळात मागितलेली ओळ जशीच्या तशी असते. आतल्या उलाढालीने ती बदलत नाही.

पॅटर्नची सुरुवात ^/ अशी करण्याची सवय असेल तर तीही सोडा. डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये सुरुवातीचा स्लॅश आधीच काढलेला असतो, त्यामुळे असा नियम कधीच लागू होत नाही आणि एररही येत नाही.

वर्डप्रेसचा एक क्लिक म्हणालात. तो क्लिक करतो काय? फाईल लिहिता येत असेल तर डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये हेच रीराइट रूल लिहितो: मागितलेली फाईल किंवा फोल्डर डिस्कवर नसेल तर काम इंडेक्स डॉट पीएचपीकडे द्या. राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ मध्ये लिहिलेलं मॉड-रीराइट (अपाचीतला हे नियम चालवणारा भाग) आणि तुमचा क्लिक एकच आहेत. होस्टिंगवाल्याने उद्या साईट एनजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर हलवली तर एनजिनएक्स डॉट एचटीअ‍ॅक्सेस उघडूनही बघत नाही. तिथे सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये ट्राय-फाइल्सची ओळ लागते आणि तुमचा क्लिक निरुपयोगी ठरतो.

शिवाय वर्डप्रेस स्लग (पत्त्यातला लेखाच्या नावाचा भाग) टक्केवारीच्या चिन्हांत बदलून साठवतो आणि त्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, म्हणजे पत्त्यात ९ अक्षरं. नुसत्या ‘सोलापूर’ची ६३ होतात. ‘खरी सोलापुरी चादर कशी ओळखावी’ हे शीर्षक हायफनसकट २२० वर जातं, आणि स्लगमध्ये शेवटी ‘कशी-ओळख’ एवढंच उरतं. मला मराठी पत्ते आवडतात, पण व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवल्यावर होणारी ती टक्क्यांची माळ बघून ग्राहक बिचकतो. दुकानासाठी रोमन लिपीतला छोटा स्लग द्या. हौसेच्या लेखनाला देवनागरी ठेवलीत तर नियमात इंग्रजी अक्षरांची मर्यादा घालू नका, ‘स्लॅश सोडून काहीही’ असं लिहा.

वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावलं होतं की पत्त्यात फाईलचं शेपूट किंवा सॉफ्टवेअरची खूण ठेवू नका. त्याच सुमाराला ‘.पीएचपी३’ शेपटाच्या साईट जोरात होत्या. त्या शेपटासकट छापलेली कार्डं पुढे काय कामाची राहिली असतील, तुम्हीच बघा. तुमच्या दुकानाच्या पिशवीवरही पत्ता छापायचाय म्हणालात. तो ‘.पीएचपी’सकट छापू नका एवढंच.

तर आधी होस्टिंगवाल्याला फोन करून अपाची आहे की एनजिनएक्स ते विचारून घ्या. अट टाकूनही ५०० आलाच तर एरर लॉगच्या शेवटच्या चार ओळी इथे चिकटवा. फोल्डरचे मार्ग आणि युजरनेम तेवढे खोडा.