'पायलट चुकला' म्हटलं की झालं?

नवी मुंबईच्या विमानतळावरून विमानं उडायला लागली, तेव्हापासून उलव्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरून फिरून येतोय: "80 टक्के अपघात पायलटच्या चुकीने होतात. मशीन चुकत नाही. चुकणाऱ्याला घरी बसवा, विमान कॉम्प्युटरकडे द्या."

80 टक्के वगैरे आकडे सांगितले जातात ते बहुधा 'मानवी चुकी'चे. माणूस काय फक्त कॉकपिटमध्येच असतो? 12 नोव्हेंबर 1996ला हरियाणात चरखी दादरीवर दोन विमानं धडकून 349 जण गेले. कझाक विमान ठरल्या उंचीच्या खाली आलं, हे खरंच. पण दिल्लीत येणारी आणि जाणारी विमानं तेव्हा एकाच मार्गाने ये-जा करत, आणि तिथल्या रडारवर विमानाची उंची दिसतच नव्हती. ती व्यवस्था पायलटने ठरवली होती का?

"मशीन चुकत नाही." बोइंग 737 मॅक्सचे दोन अपघात, 346 मृत्यू. एका सेन्सरच्या भरवशावर नाक खाली दाबणारी प्रणाली, आणि पहिल्या अपघातापर्यंत पायलटांना तिच्याबद्दल सांगितलंच नव्हतं. कॉम्प्युटरही शेवटी माणसंच घडवतात, एवढंच.

"घरी बसवा." दुसऱ्या महायुद्धात बी-17 या बॉम्बफेकी विमानाचे पायलट उतरल्यावर फ्लॅपऐवजी, म्हणजे पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांऐवजी, चाकंच आत घेत. दोन्ही खटके शेजारी, दिसायला सारखे. अल्फोन्स चॅपानिस या मानसशास्त्रज्ञाने पायलट बदलले नाहीत. चाकांच्या खटक्याला छोटं रबरी चाक लावलं, फ्लॅपच्या खटक्याला पाचर. हाताला फरक कळू लागला.

आणि मंगळूर, 22 मे 2010, 158 बळी. तिथे घरी बसवायला उरलंच कोण? कॅप्टन दीड तासाहून जास्त झोपला होता, घोरणं रेकॉर्डरवर आहे. पहाटे झोपेतून उठल्या उठल्या डोकं किती चालतं, हे रात्रपाळी केलेल्याला सांगायला नको. विमान फार उंचावरून, वेगात उतरत होतं. सहवैमानिकाने तीनदा 'गो-अराउंड' म्हटलं, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर चला. कॅप्टनने ऐकलं नाही, आणि सहवैमानिकाने कंट्रोल हातात घेतले नाहीत. साहेबाला तीनदा सांगून गप्प बसणारे आपल्या ऑफिसातही असतात, फक्त तिथे मंगळूरसारखी टेबलटॉप, म्हणजे टोकाला दरी असलेली, धावपट्टी नसते. चौथ्या वेळी सहवैमानिकाचा हात कंट्रोलवर जायला हवा होता. तो का गेला नाही, हे मेसेजवाल्याने कधी विचारलंय?