टेनिस म्हणजे डाव्या हाताचा मळ?

विंबल्डन जवळ आलं की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. वर नदालचा फोटो, खाली ठळक अक्षरांत: 'जगात फक्त 10 टक्के लोक डावखुरे, पण टेनिसमधले निम्मे विजेते डावखुरे!' पुढे कारणं. डावखुऱ्यांचा मेंदू वेगाने चालतो. त्यांची सर्व्हिस उजव्या हाताने खेळणाऱ्याला परतवताच येत नाही. हे ओळखून टोनीकाकांनी, म्हणजे नदालच्या काका-प्रशिक्षकांनी, जन्माने उजव्या असलेल्या नदालला मुद्दाम डावखुरा केला. आणि शेवटी पालकांना सल्ला, की मुलाला लहानपणीच डाव्या हातात रॅकेट द्या.

सगळंच खोटं असतं तर मी वाचून सोडून दिलं असतं. पण यात चार दाणे खरे आहेत आणि त्यांच्या जिवावर बाकीचा भुसा खपतोय.

आधी ते 'निम्मे विजेते'. 1968 मध्ये ओपन युग सुरू झालं, म्हणजे मोठ्या स्पर्धा व्यावसायिक खेळाडूंनाही खुल्या झाल्या. तेव्हापासून 2025 अखेरपर्यंत पुरुष एकेरीचं ग्रँडस्लॅम (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) जिंकलेले डावखुरे बोटांवर मोजले तर एकच बोट कमी पडतं: लेव्हर, कॉनर्स, ओरांतेस, टॅनर, विलास, मॅकेन्रो, गोमेझ, मुस्टर, कोर्डा, इव्हानिसेविच आणि नदाल. अकरा जण. त्यांची मिळून 52 जेतेपदं, सुमारे 230 पैकी. म्हणजे पाचातलं एक, वर थोडं. निम्मी नाहीत, पण दहा टक्क्यांच्या मानाने जास्त आहेत हे मान्य करायलाच हवं. फक्त या 52 च्या पोटात शिरून बघा. एकट्या नदालची 22. कॉनर्सची 8 आणि मॅकेन्रोची 7 धरली की तिघांतच 37 संपतात. अकरापैकी सहा जणांच्या नावावर प्रत्येकी एकच जेतेपद आहे. आणि 2001 साली इव्हानिसेविच विंबल्डन जिंकल्यानंतर नदाल सोडून एकाही डावखुऱ्या पुरुषाने एकेरीचा ग्रँडस्लॅम करंडक उचललेला नाही.

महिलांमध्ये यादी आणखी छोटी: ॲन जोन्स, नवरातिलोवा, सेलेस, क्वितोवा, कर्बर, वोंद्रोशोवा. नवरातिलोवाची 18 आणि सेलेसची 9 हे आकडे दिपवणारे आहेत, वादच नाही. पण सेलेसने 1996 ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि त्यानंतर थेट 2011 च्या विंबल्डनला क्वितोवा जिंकेपर्यंत एकही डावखुरी विजेती झाली नाही. पंधरा वर्षं! तेवढा काळ डावखुऱ्यांचा तो वेगवान मेंदू कुठे होता?

मेंदूच्या मुद्द्यावर यापेक्षा जास्त वेळ घालवायची माझी इच्छा नाही. 1984 ची विंबल्डन फायनल आठवा. मॅकेन्रो विरुद्ध कॉनर्स, दोघेही डावखुरे. मॅकेन्रो 6-1, 6-1, 6-2 असा जिंकला. त्या दिवशी वेगवान मेंदू दोन्ही बाजूंना होता म्हणायचा, मग हा निकाल कुठून आला? मॅकेन्रो त्या दिवशी भन्नाट खेळला, एवढंच. त्या वर्षी तो 85 सामन्यांत फक्त तीन हरला.

आता सर्व्हिस. इथे मात्र थांबायला हवं, कारण खरा दाणा इथे आहे.

डावखुरा ॲड कोर्टातून, म्हणजे बेसलाइनवर स्वतःच्या डाव्या अंगाला उभा राहून सर्व्हिस करतोय अशी कल्पना करा. स्लाइस, म्हणजे चेंडूला बाजूने फिरकी देणारी सर्व्हिस, मारली की चेंडू टप्पा पडल्यावर आणखी बाहेर पळतो. समोरचा उजवा असेल तर चेंडू पळतो त्याच्या बॅकहँडपासून (रॅकेटच्या हाताच्या उलट्या बाजूच्या फटक्यापासून) लांब. परतवणारा कोर्टाच्या बाजूच्या रेषेपलीकडे फेकला जातो, हात लांबवून कसाबसा चेंडू टाकतो, आणि तोवर त्याच्यामागे अख्खं कोर्ट मोकळं पडलेलं असतं. मॅकेन्रो तर परतवणाऱ्याकडे जवळजवळ पाठ करून उभा राहायचा, त्यामुळे चेंडू कुठे जाणार याचा पत्ताच लागायचा नाही.

पण हेच चित्र आरशात धरा. उजवा खेळाडू ड्यूस कोर्टातून, म्हणजे स्वतःच्या उजव्या अंगाने, तीच स्लाइस बाहेर मारतो तेव्हा ती डावखुऱ्याच्या बॅकहँडपासून तशीच लांब पळते. भूमिती दोघांना सारखी आहे. उजव्याचा फोरहँड डावखुऱ्याच्या बॅकहँडवर जातो, डावखुऱ्याचा उजव्याच्या. फिट्टंफाट.

मग फरक पडतो कुठे? गुण मोजण्याच्या पद्धतीत. प्रत्येक गेम ड्यूस कोर्टातून सुरू होतो आणि मग दर गुणाला बाजू बदलते. गेम संपवणारे गुण कुठून खेळले जातात ते बघा. 40-0, ॲड कोर्ट. 40-30, ॲड कोर्ट. ॲडव्हांटेज तर नावातच आहे. फक्त 40-15 ला खेळ ड्यूस कोर्टात असतो. ब्रेक पॉइंटचंही, म्हणजे सर्व्हिस करणारा गेम गमावण्याच्या बेतात असतो तेव्हाचंही, तेच: 0-40, 30-40 आणि समोरच्याचं ॲडव्हांटेज हे सगळे ॲड कोर्टात, 15-40 तेवढा अपवाद. म्हणजे गळ्याशी आलेलं असताना डावखुऱ्याला बहुतेक वेळा आपल्या आवडत्या बाजूने सर्व्हिस करायला मिळते. हा फायदा खरा आहे, कायमचा आहे, आणि गंमत म्हणजे मजकुरात त्याचा उल्लेखच नाही.

पण 'परतवताच येत नाही' हे कशाच्या आधारावर? डावखुऱ्यांमधली सगळ्यात जड सर्व्हिस कदाचित इव्हानिसेविचचीच. ती घेऊन तो विंबल्डनच्या तीन फायनल हरला. चौथ्यांदा, 2001 मध्ये, जागतिक क्रमवारीत 125 व्या क्रमांकावर असताना वाइल्ड कार्डवर, म्हणजे आयोजकांनी दिलेल्या खास प्रवेशावर, आला आणि रॅफ्टरविरुद्ध पाचव्या सेटमध्ये सामना संपवायला सर्व्हिस करू लागला. चार मॅच पॉइंट लागले, त्यातले बहुतेक ॲड कोर्टातच. पहिल्या दोनवर त्याने डबल फॉल्ट केले, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकवून गुण घालवला. हात डावा असला म्हणून तो थरथरत नाही असं नाही.

दुसरीकडे कॉनर्सची सर्व्हिस कधीच धारदार नव्हती. तो जिंकायचा परतीच्या फटक्यांवर. नदालची सर्व्हिसही त्याच्या बाकी खेळाच्या मानाने साधीच, आणि त्याच्या 22 पैकी 14 करंडक आले पॅरिसच्या लाल मातीवर, जिथे स्लाइस हिरवळीइतकी घसरत नाही.

नदालचं खरं हत्यार होतं डाव्या हाताचा टॉपस्पिन फोरहँड, म्हणजे चेंडूला पुढे फिरकी देऊन उंच उसळवणारा फटका. तो फेडररच्या एकहाती बॅकहँडवर खांद्याच्या उंचीला चढायचा आणि फेडरर मागे मागे सरकत जायचा. मातीवर दोघांचा हिशेब नदालच्या बाजूने 14-2. याच पुराव्यावर मजकूर उभा आहे म्हणा ना. पण मग 2017 मध्ये काय झालं? फेडरर आता मोठ्या डोक्याच्या रॅकेटने खेळत होता. त्याने मागे सरकणं सोडलं आणि चढता चेंडू लवकर गाठून बॅकहँड सपाट मारायला सुरुवात केली. ऑस्ट्रेलियन ओपनची फायनल पाच सेटमध्ये जिंकली आणि त्या वर्षी नदालला चारही वेळा हरवलं, सगळे सामने हार्ड कोर्टवर. हात तोच, फोरहँडही तोच. दोन हातांनी बॅकहँड मारणाऱ्या जोकोविचला तर हा प्रश्न इतका कधी पडलाच नाही. त्याच्यापुढे नदाल 29-31 असा मागेच राहिला.

डावखुऱ्यांशी खेळताना खरी अडचण असते ती त्यांच्या दुर्मीळपणाची. उजवा खेळाडू शंभरातले बहुतेक सामने उजव्यांशीच खेळतो. चेंडू उलटा वळायला लागला की त्याचे पाय चुकीच्या दिशेने आधी हलतात. डावखुऱ्याला मात्र उजव्यांची सवय रोजचीच. हा फायदा सरावाचा आहे, सवय झाली की झिजतो. आणि समजा, उद्या सगळ्या पालकांनी सल्ला ऐकला आणि निम्मी पोरं डाव्या हाताने खेळायला लागली, तर उरेल काय?

राहिले टोनीकाका. नदाल लिहितो उजव्या हाताने, हे खरं. पण तो अगदी लहान असताना ताकद कमी म्हणून फोरहँड आणि बॅकहँड दोन्ही दोन हातांनी मारायचा. एक हात सोडायची वेळ आली तेव्हा फोरहँडला डावा राहिला. फुटबॉलही तो डाव्या पायानेच मारतो. आपण त्याला डावखुरा केलं ही वर्तमानपत्रांनी रचलेली गोष्ट आहे, असं खुद्द टोनीकाकांचंच म्हणणं आहे. रोजची कामं उजव्या हाताने करणारी कर्बरही टेनिस डाव्या हाताने खेळायची, हे दुसरं उदाहरण देता येईल. पण उलटी उदाहरणं मोजायला लागलं की मजकुराचं तोंड बंद होतं. मार्गारेट कोर्ट, मॉरीन कॉनोली, केन रोझवॉल हे तिघे मुळात डावखुरे, आणि तिघे उजव्या हाताने खेळले. एका कॅलेंडर वर्षात चारही ग्रँडस्लॅम जिंकलेल्या महिला तीनच: कॉनोली 1953 मध्ये, कोर्ट 1970 मध्ये, ग्राफ 1988 मध्ये. त्यातल्या दोघी डावा हात बाजूला ठेवून खेळल्या. यावरून आता डावखुऱ्या मुलांना उजव्या हाताने खेळवा असा मजकूर कुणी काढू नये म्हणजे मिळवली.

डावखुऱ्यांची बाजू मांडायचीच होती, तर दुहेरीत मांडायला हवी होती. न्यूकोम-रोश 12 ग्रँडस्लॅम, वुडब्रिज-वुडफर्ड 11, ब्रायन बंधू 16, नवरातिलोवा-श्रायव्हर 20. या प्रत्येक जोडीत एक डावखुरा किंवा डावखुरी आहे आणि दुसरा हात उजवा. परतवणाऱ्याला एका गेममध्ये चेंडू एका बाजूला वळताना दिसतो, जोडीदाराच्या गेममध्ये दुसऱ्या. शिवाय दुपारी ऊन तिरपं असताना उजव्याला ज्या टोकाकडून चेंडू वर उडवल्यावर सूर्य डोळ्यांत जातो, तिथून डावखुरा सर्व्हिस करतो आणि दुसऱ्या टोकाकडून उजवा. समोरच्या जोडीतले दोघे उजवे असतील, तर त्यांच्यातला एक जण प्रत्येक वेळी डोळे मिचकावत सर्व्हिस करतो.