सिस्टर सिटी झाली, धंद्याचं काय?

दोन देशांतल्या शहरांनी मैत्रीचा, म्हणजे सिस्टर सिटीचा करार केला की बातमीत एक वाक्य हमखास असतं: 'यामुळे दोन्ही शहरांमधल्या व्यापाराला चालना मिळेल.' माझा यावर काडीचाही विश्वास नाही.

मुंबई आणि जपानमधलं बंदर योकोहामा यांचंच घ्या. हे नातं १९६५ सालचं. पण १८९३ मध्येच जमशेटजी टाटांनी निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीला सोबत घेऊन मुंबई–जपान बोटसेवा सुरू केली होती. जपानच्या गिरण्यांना आपला कापूस हवा होता आणि पी अँड ओ ही ब्रिटिश बोट कंपनी आणि इतर कंपन्यांनी एकी करून भाडं चढं ठेवलं होतं. नवी सेवा आल्यावर पी अँड ओनं भाडं इतकं पाडलं की टाटांची स्वतःची लाइन बुडाली. जपानी कंपनी मात्र टिकली. यात महापौर, हारतुरे, शिष्टमंडळ कुठेच नाही. आणि गंमत म्हणजे पहिली जपानी बोट निघाली ती योकोहामाहून नव्हे, कोबे या दुसऱ्याच जपानी बंदरातून!

योकोहामाचा जोर तेव्हा रेशमावर. ते परदेशी पाठवण्यात तिथल्या भारतीय, मुख्यतः सिंधी व्यापाऱ्यांचा मोठा हात होता. १९२३ च्या भूकंपात शहर जमीनदोस्त झालं आणि वाचलेले व्यापारी कोबेला गेले. गिऱ्हाईक कायमचं हातचं जातंय हे ओळखून योकोहामाकरांनी त्यांच्यासाठी घरं-दुकानं बांधली आणि त्यांना परत बोलावलं. भूकंपातल्या मदतीची आठवण म्हणून भारतीयांनी यामाशिता पार्कमध्ये बांधून दिलेली घुमटाची पाणपोई आजही उभी आहे. शहरानं व्यापारासाठी काही करायचं तर ते असं. तेव्हा सिस्टर सिटी वगैरे काही नव्हतं.

आता आपल्याकडे या. आयात शुल्क दिल्ली ठरवते. जपानशी मुक्त व्यापाराचा करार २०११ मध्ये लागू झाला, तोही दिल्लीचाच. मुंबई महापालिकेच्या हातात मालावरची एक गोष्ट होती, जकात; तीही जुलै २०१७ मध्ये जीएसटीत गेली. शांघायशी आपण २०१४ मध्ये बहीण-बहीण झालो. एप्रिल २०२० मध्ये केंद्रानं नियम बदलला आणि चिनी गुंतवणुकीला सरकारी परवानगी लागू झाली. बहिणीला कुणी विचारलं?

जर्मनीतलं स्टुटगार्ट १९६८ पासून मुंबईची बहीण. पण तिथली मर्सिडीज गेली पुण्याला, बॉश नाशिकला. जागा, सुटे भाग बनवणारे, हाताशी असलेले कामगार हे सगळं बघूनच कंपन्या येतात. मानपत्रं बघून नाही.

म्हणून हे करार मोडीत काढा असं मी म्हणत नाही. विद्यार्थी जातात-येतात, पुण्याला जपानमधल्या ओकायामा शहराशी असलेल्या नात्यामुळे एक देखणी जपानी बाग मिळाली, हे काय कमी आहे? फक्त त्याला व्यापार म्हणू नका. व्यापारच हवा असेल तर योकोहामानं २०१५ मध्ये केलं तसं करा. त्यांनी मुंबईत चक्क स्वतःचं ऑफिस उघडलं. मोठ्या कंपन्यांना त्याची गरज नसते, त्यांच्याकडे वकील असतात. पण दहा-वीस माणसांच्या कारखानदाराला परक्या गावात कुणाला भेटायचं, कुठला कागद कुठे द्यायचा हे सांगणारा माणूस लागतो. आपल्या महापालिकांनी पुढच्या शिष्टमंडळाच्या विमान तिकिटांचे पैसे असा एक माणूस तिकडे बसवण्यावर घालावेत.

योकोहामाशी धंदा करणारं कुणी इथे असेल तर कमेंटमध्ये लिहा, त्या ऑफिसचा तुम्हाला खरंच उपयोग झाला का?