चार नव्हे, पाच

परवाच्या गोणीचं प्रकरण एव्हाना सगळ्या आळीला माहितीये: पम्याच्या विहिरीवर कुणीतरी गोणीत मांजराची पिल्लं टाकून गेलं, आणि पम्याने पहाटे ती चार पिल्लं उचलून घरी आणली. ते सगळं परत सांगत बसत नाही. पण काल संध्याकाळी पारावर जे जुंपलं ते लिहून ठेवतोय, कारण मला ते मनापासून लागलंय.

पम्या आला तोच लाल डोळे घेऊन. दोन रात्री झोप नाही, दर अडीच-तीन तासांनी उठून मांजराच्या पिल्लांना सिरिंजने दूध पाजायचं.

तात्या लगेच सुरू. तात्यांचं बोलणं 'आमच्या वेळेला' ने निघतं आणि १९७२ च्या दुष्काळावर जाऊन थांबतं. "आमच्या वेळेला कोण पाजत होतं रे? शेतावर सोडलं की उंदीर खाऊन जगतं मांजर."

"तात्या, डोळेसुद्धा धड उघडले नाहीत त्यांचे. ती उंदीर काय खाणार, मुंग्याच त्यांना खात होत्या."

यावर तात्या गप्प बसायला हवे होते.

पम्या सांगत होता, पहिल्या दिवशी वहिनींनी मायेने गाईचं दूध पाजलं आणि संध्याकाळी चौघांनाही ढाळ लागली. मग डॉक्टरांनी मांजराच्या पिल्लांची दूध पावडर दिली. उताणं धरून पाजायचं नाही, पोटावर ठेवूनच पाजायचं, नाहीतर दूध फुफ्फुसात जातं. या वयात अंगात ऊब धरत नाही म्हणून टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवायची आणि पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने खालून पुसायचं, आई चाटते तसं, तेव्हा कुठे ती शू-शी करतात.

"स्वतःच्या पोराचं लंगोट कधी बदललं नाहीस आणि आता कापूस?" बाळ्या.

"तेव्हा आई होती रे करायला. यांची आई कुणीतरी तोडली."

मास्तर म्हणाले, १९६० चा कायदा आहे, जनावराला उपाशी मरायला सोडणं गुन्हा आहे. दंड किती, तर पहिल्या वेळी १० ते ५० रुपये. पम्या म्हणाला, म्हणजे चार जीव टाकून दिले तरी मिसळीपेक्षा स्वस्तच.

इथे तात्यांनी बांधाचा विषय काढला. काढणारच. "तुझ्या आज्याने आमचा हातभर बांध कोरला, त्याच्यावर कोण बोलणार?"

"बांधाचं मोजणीवाले बघतील, पण गोणीत चार पिल्लं घालून..."

"चार कुठली? पाच होती!"

एकदम शांतता. तात्यांच्या हातातला चहा तसाच.

मग हळूहळू निघालं. पुतण्याला सांगितलं होतं म्हणे, पम्याच्या विहिरीवर उंदीर लय आहेत, पिल्लांचंही भलं होईल. आणि पाचवं? "मांजरीनेच आणलं परत. रात्री तोंडात धरून गोठ्यात. अजून फिरतेय ओरडत."

पम्याचा चेहरा पडला. बाकीची चार त्याने पहाटे उचलली होती, ती पुन्हा आली असणार आणि तिला रिकामी गोणी दिसली असणार. मला तात्यांचा इतका राग आला होता, पण पम्याकडे बघून बोलवेना.

बाळ्या म्हणाला, आता पिल्लांना माणसाचा वास लागला, मांजर त्यांना घ्यायची नाही.

"ऊसतोडीला बिबट्याची बछडी सापडतात तेव्हा काय होतं?" पम्या उसळलाच. "माणिकडोहच्या बिबट्या निवारा केंद्राचे डॉक्टर तपासतात, चिप बसवतात, संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात आणि रात्री मादी येऊन नेते. आपल्या जुन्नर तालुक्यात कितीदा झालंय. बिबटीण घेते आणि तात्यांची मनी घेणार नाही?"

ठरलं, आज रात्रीच गोठ्यात न्यायची. आणि पिल्लं दूध तोडली की लगेच मनीचं ऑपरेशन, कारण पिल्लं अंगावर असतानाही मांजर परत गाभण राहते, नाहीतर दोन महिन्यांनी दुसरी गोणी तयार.

"मांजरीची नसबंदी! आमच्या वेळेला..."

"तात्या, पकडणार कोण तेवढं सांगा."

तात्या ताठ झाले. "ती माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही. सुकट दाखवली की थेट मांडीवर."

सगळ्यांची नजर एकदम तात्यांच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर.

"सुकट?" मास्तर. "तुमच्या घरात?"

"मांजरीसाठी आणतो!"

"किती आणता?"

"अर्धा किलो. आठवड्याला."

पम्या दोन दिवसांत पहिल्यांदा हसला.