कर शून्य झाला, कायदा नव्हे

गेल्या आठवड्यात भाच्याचा मेसेज आला. "मामा, शनिवारी गन शोला चाललोय. सायलेन्सर आता फ्री झालाय ना?" आणि खाली ताईच्या पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवरून फिरत आलेला तो फॉरवर्ड. भाचा एच-१बीवर आहे, डॅलसजवळ राहतो. मी टेक्सासात बरीच वर्षं काढली आहेत, नागरिक आहे, माझ्याकडे रीतसर मंजुरीचा एक सप्रेसर, म्हणजे बंदुकीचा सायलेन्सर, आहे. म्हणून हा प्रश्न माझ्याकडे. आणि म्हणूनच तो फॉरवर्ड वाचून माझा चहा निवला.

फॉरवर्डचा मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत १ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरचा कर रद्द, म्हणजे नोंदणीही रद्द. व्हिसावाल्यांनाही घेता येतो, अडचण आली तर ट्रस्टच्या नावावर घ्या. नाहीतर ऑनलाइन 'क्लिनिंग किट' मागवून घरीच बनवा, टेक्सासात तर राज्याचाच कायदा पाठीशी आहे. गोळीचा आवाज शेजाऱ्यालाही येत नाही. आणि भारतात नेता येतो, कारण ती बंदूक नाही, नुसती ॲक्सेसरी आहे.

पहिल्या वाक्यातलं कर रद्द झाल्याचं तेवढं खरं आहे, कबूल. २०० डॉलरचा तो कर १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टमधून आलेला, गँगस्टरांच्या काळातला. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने सप्रेसर आणि आखूड नळीच्या रायफली-शॉटगनसाठी तो शून्य केला. मशीनगनसाठी अजून २०० डॉलरच आहेत. पण या एका खऱ्या गोष्टीच्या पाठीवर बसून बाकीची वरात निघाली आहे. कनिष्ठ सभागृहाच्या मसुद्यात सप्रेसरला त्या कायद्यातून पूर्णच वगळायचं होतं. सिनेटच्या पार्लमेंटेरियनने, म्हणजे नियमांच्या सल्लागाराने, ते अर्थसंकल्पी विधेयकात बसत नाही असं सांगितलं, आणि उरली फक्त करमाफी. मसुद्याच्या वेळच्या बातम्या वाचून कुणीतरी फॉरवर्ड लिहिला असावा. शेवट वाचायचे कष्ट कोण घेतो?

तेव्हा सप्रेसर घेण्यासाठीचा सरकारी अर्ज, फॉर्म ४, आहेच. बोटांचे ठसे, फोटो, स्थानिक पोलीसप्रमुखाला किंवा शेरीफला सूचनेची प्रत, पार्श्वभूमीची तपासणी, आणि एटीएफ या शस्त्रांवर देखरेख करणाऱ्या संघराज्याच्या संस्थेची मंजुरी आल्याशिवाय दुकानदार वस्तू हातात देत नाही. मी २०२१ मध्ये घेतला तेव्हा दहा महिने थांबलो. पैसे भरून झालेले, वस्तू दुकानाच्या तिजोरीत. इथले लोक त्याला 'कॅन जेल' म्हणतात. दुकानात गेलो की मी त्याला भेटून यायचो, हातात घेऊन बघायचो आणि परत द्यायचो. हल्ली ऑनलाइन अर्जामुळे काम पुष्कळ लवकर होतं, एवढं सुख.

आता ज्या मुद्द्यामुळे मी हे लिहायला बसलो तो. व्हिसावाल्यांनाही चालतं म्हणे!

अमेरिकी संहितेच्या १८ व्या भागात कलम ९२२ आहे. कुणी बंदूक किंवा गोळ्या बाळगायच्या नाहीत, त्याची यादी त्यात आहे. गुन्हेगार, अंमली पदार्थांचे व्यसनी वगैरेंच्या रांगेत 'नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेला परदेशी' हाही आहे. एच-१बी, एल-१, एफ-१, सगळे त्यात आले. पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, याच्याशी कलमाला देणंघेणं नाही. आणि कलम ९२१ मधल्या व्याख्येनुसार सायलेन्सर हा स्वतःच 'फायरआर्म' आहे. त्याला बंदूक जोडलेली असो वा नसो. शिक्षा २०२२ पासून पंधरा वर्षांपर्यंत. वर शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला परदेशी हद्दपारीला पात्र ठरतो, ग्रीन कार्डवाला असला तरी. दहा-दहा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेतल्या प्रायॉरिटी डेटकडे डोळे लावून बसलेल्या पोरांना कुणीतरी हे 'बिनधास्त घ्या' म्हणून पाठवतंय.

एक अपवाद आहे, तो सांगितला नाही तर माझंही अर्धसत्यच होईल. अमेरिकेतला वैध शिकार परवाना जवळ असेल तर त्या बंदीतून सूट मिळते. कायद्यातच लिहिलंय. पण फॉरवर्डमध्ये त्याचा उल्लेख तरी आहे का? नाही. आणि परवान्याची मुदत संपली त्या दिवशी काय, याचं उत्तर वकिलाकडून घ्यायचं, सोसायटीच्या ग्रुपवरून नाही.

ट्रस्टची पळवाट तर जुनी झाली. पूर्वी ट्रस्टच्या नावाने अर्ज केला की ठसे द्यावे लागत नसत. २०१६ च्या नियमाने ते बंद झालं, आता प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे ठसे आणि फोटो लागतात. तसंही कायदा विचारतो ताबा कुणाचा, पावतीवर नाव कुणाचं ते नंतर.

क्लिनिंग किटवर मी फार लिहिणार नाही. मंजुरीशिवाय बनवलेला सप्रेसर म्हणजे दहा वर्षांपर्यंत कैद. टेक्सासने २०२१ मध्ये 'इथेच बनला, इथेच राहिला तर संघराज्याचा कायदा लागू नाही' असा कायदा केला हे खरं. कॅन्ससनेही २०१३ मध्ये असाच केला होता. त्यावर विसंबून एका दुकानदाराने सप्रेसर विकला, गिऱ्हाइकाने घेतला, दोघेही संघराज्याच्या न्यायालयात दोषी ठरले. अपील न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्षा कायम ठेवली. राज्याचा कायदा त्यांच्या कामी आला नाही. शिवाय कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्ससकट आठ राज्यांत सामान्य माणसाला सप्रेसर बाळगताच येत नाही. म्हणजे बे एरिया, एडिसन, शिकागो. आपली मोठमोठी मंडळं जिथे गणपती बसवतात तीच गावं.

आवाजाचं म्हणाल तर सिनेमातला तो 'फुस्स' विसरा. रायफलचा बार साधारण १६० डेसिबलच्या वर. सप्रेसर त्यातले वीस ते पस्तीस कमी करतो. कान वाचतात, म्हणून तर मी घेतला. पण शेजारी झोपून राहील असं नाही, आणि ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका तर कुठल्याच नळकांड्याला अडत नाही. हायरम पर्सी मॅक्सिमने १९०९ मध्ये पेटंट घेतलेल्या या वस्तूचं तत्त्व मोटारीच्या सायलेन्सरचंच. आपल्याकडे पोरं बुलेटचा सायलेन्सर काढून गल्ली हादरवतात आणि पोलीस ते जप्त करून रोडरोलरखाली घालतात. इथे लोक तो बसवण्यासाठी सरकारला ठसे देतात. असो.

राहिला भारतात नेण्याचा विषय. आपल्या १९५९ च्या आर्म्स ॲक्टचं दुसरंच कलम काढून बघा. अग्निशस्त्राच्या व्याख्येत, बार उडताना होणारा आवाज किंवा ज्वाला कमी करण्यासाठी बनवलेली ॲक्सेसरी स्पष्ट लिहिली आहे. म्हणजे 'ती बंदूक नाही, ॲक्सेसरी आहे' हा युक्तिवाद कायद्याने साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच खोडून ठेवलाय. अमेरिकेतून बाहेर काढायलाही परराष्ट्र खात्याचा परवाना लागतो, ते वेगळंच. दिवाळीला जाताना चॉकलेटच्या पाकिटांबरोबर ठेवायची ही वस्तू नव्हे.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बरं, विकत नाही घेत. मग नेमबाजीच्या रेंजवर तासाभरासाठी बंदूक भाड्याने घेतली तर?" २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला एक खटला फ्लोरिडातल्या असाच रेंजवर गेलेल्या मुलाचा होता. विद्यापीठाने काढून टाकल्यामुळे त्याचा विद्यार्थी दर्जा गेला होता. त्याला आपल्या दर्जाची जाणीव होती हे सरकारने सिद्ध करायला हवं, एवढंच कोर्टाने त्याच्या बाजूने म्हटलं. भाड्याने तासभर हातात धरली तो ताबा नाही, असं नाही म्हटलं. आणि भाच्याला तर आता जाणीव मीच करून दिली आहे.