अळी तीच, तोटा कोणाचा?

अमेरिकेतल्या ॲरिझोनात बसून विदर्भातल्या कपाशीवर बोललं की 'तुमचं काय जातंय तिकडे' हे ऐकून घ्यावं लागतं. ऐकतो. पण गुलाबी बोंडअळी इथेही होती आणि तिला मारणारं विष स्वतःच तयार करणारा बीटी कापूसही, म्हणून बोलतो.

आपल्याकडे दर जूनला एकच वाद: तणनाशक सहन करणारं एचटीबीटी बियाणं येऊ द्यावं की नाही. 2019 मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेनं बंदी झुगारून ते उघडपणे पेरलं. बाकीचे गुपचूप पेरतातच. निंदणाची मजुरी ज्याला परवडत नाही, त्याला मी काय शिकवणार? मला काळजी वेगळीच आहे. चोर बीटीला, म्हणजे या बिनपरवाना बियाण्याला, पक्कं बिल नसतं. ते उगवलंच नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करायची?

बरं, परवान्याच्या बियाण्याचं तरी काय झालं? 2002 मध्ये बीटी आलं. पाकिटासोबत 120 ग्रॅम साध्या कपाशीची पुडी यायची. ती कडेनं पेरायची, त्यावर साध्या अळ्या जगू द्यायच्या, म्हणजे बीटीला न जुमानणाऱ्या अळीची जोडी त्यांच्याशी लागून तिचा जोर मोडतो. बहुतेकांनी ती पेरलीच नाही. तीन एकरवाल्यानं आपल्या रानाचा तुकडा अळीला द्यायचा, फायदा सगळ्या तालुक्याचा आणि भरपाई शून्य! वर फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक उभं ठेवून केलेली जादा वेचणी, घेऊ नका म्हणायचं, कारण अळी तिच्यावर जगते, तर हंगामाचे शेवटचे चार पैसे तिच्यातूनच सुटतात. शेवटी अळी बीटीला जुमानेनाशी झाली आणि 2017 मध्ये विदर्भात बोंडंच्या बोंडं किडली.

इथे ॲरिझोनात शेतकऱ्यांनी वर्गणी काढली, सरकारनं पैसे घातले आणि विमानातून या अळीचे अब्जावधी वांझ पतंग सोडले; रानातल्या पतंगाची जोडी त्यांच्याशी लागली की पुढची पिढीच होत नाही. सापळ्यात ओळखू यावेत म्हणून त्यांना अळी असतानाच लाल रंग खाऊ घातलेला. 2006 पासून साध्या कपाशीची अटही उठली, ते काम पतंगांनी केलं. 2018 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यानं कापूसपट्ट्यातून ही अळी संपल्याचं जाहीर केलं.

इथले शेतकरी काही जास्त शहाणे नाहीत. शेकडो एकर, कालव्याचं पाणी, आणि स्वतःच्या शेताच्या उत्पन्नावर ठरणारा विमा, ज्याचा निम्म्याहून जास्त हप्ता सरकार भरतं. हप्त्याला आपल्याकडेही अनुदान आहे, पण उत्पन्नाची भरपाई ठरते महसूल मंडळाच्या, म्हणजे अनेक गावांच्या, सरासरीवर. शेजाऱ्यांचं बरं पिकलं की आपलं बुडालेलं कागदावर दिसतच नाही.

एचटीबीटीला परवानगी द्या, असंच मी म्हणेन. पण बियाणं फसलं तर कंपनी किती देणार आणि सरकार किती, हे त्याच कागदावर लिहा. आणि तेही मंडळाच्या नव्हे, ज्याच्या-त्याच्या शेताच्या गट नंबरच्या हिशेबानं.