दोन फोटोंच्या भरवशावर देवळाचे खांब मोडीत काढू नका

"मोबाइलवर अडीच इंचांच्या अंतराने दोन फोटो काढा, ॲपमध्ये टाका. मागच्या बाजूसकट थ्रीडी मॉडेल तयार! मापं मिलिमीटरपर्यंत अचूक. मग मूळ वस्तू सांभाळत बसायची गरजच नाही." हा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. परवा मामांनी तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, "सभामंडपाचे लाकडी खांब असेच फोटो काढून उतरवून टाकू." मामा देवळाच्या कमिटीवर आहेत, आणि फोटोंवरून मॉडेल बनवणं हे माझं रोजचं काम. गप्प बसवेना.

दोन फोटोंवरून खोली, म्हणजे कुठला भाग जवळ आणि कुठला लांब, ते कळतं, हे खरं. चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्येच ते दाखवलं होतं. तेवढं मान्य.

पण मापांचा दावा घातक आहे. फोटोतून आकार कळतो, माप नाही. दहा फुटी खांब आणि त्याची वीतभर प्रतिकृती, दोन्हींचे फोटो त्या-त्या प्रमाणात अंतर ठेवून काढले तर सारखेच येतात. कॅमेरा नेमका किती सरकला हे माहीत हवं, नाहीतर फोटोत मोजपट्टी हवी. हाताने अडीच इंच सरकवताना पाव इंच चुकलं की दहा फुटांचा खांब नऊ किंवा अकरा फुटांचा होतो. शिवाय साध्या मोबाइलने पाच मीटरवरून असे दोन फोटो काढले आणि दोन्ही फोटोंतला तोच बिंदू जुळवताना एका पिक्सेलची चूक झाली, तर खोलीत सुमारे १३ सेंटिमीटरचा फरक पडतो. आपल्या खांबावरचं केळफूल दोन बोटंसुद्धा उठलेलं नाही. मिलिमीटर कुठून येणार?

मागची बाजू फोटोत नसेल तर ॲप ती अंदाजाने भरतं. तेलाने चकाकणाऱ्या काळ्या मूर्तीचं तर समोरूनही नीट जमत नाही, कारण उजेडाचा ठिपका कॅमेऱ्याबरोबर सरकतो.

आणि मूळ वस्तू नको? अफगाणिस्तानातल्या बामियानची मोठी बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये तालिबानने फोडली. झुरिकच्या ईटीएच या तंत्रज्ञान विद्यापीठात आर्मिन ग्रुएन, फाबिओ रेमोंदिनो आणि सहकाऱ्यांनी फोटोंवरून तिचं मॉडेल केलं. इंटरनेटवरचे, पर्यटकांचे फोटोही वापरून पाहिले. पण भरवशाचं मॉडेल निघालं ते रॉबर्ट कोस्टका यांनी १९७० मध्ये मोजणीच्या कॅमेऱ्याने काढलेल्या तीन फोटोंतून. तरीही चीवराच्या बारीक चुण्या आपोआप सापडल्या नाहीत, त्या माणसांनी हाताने मोजून भरल्या. आणि शंका आली तर ताडून पाहायला मूर्तीच उरली नव्हती.

मामा, वाळवी लागलीय, खांब उतरवावे लागतील, हे मला कळतं. पण त्याआधी प्रत्येक खांबाला फेरी घालून, मोजपट्टी टेकवून, एक फोटो दुसऱ्यावर निम्म्याहून जास्त चढेल असे शेकडो फोटो काढू. शनिवारी मी टेप आणि कॅमेरा घेऊन येते. उतरवलेले खांब विकू मात्र नका. उत्तरेकडच्या खांबावर, पोपटाच्या पंखाखाली, जुन्या सुताराच्या पटाशीचे घाव अजून बोटाला लागतात. माझ्याकडच्या एकाही फोटोत ते दिसत नाहीत.